चर

खांडसहून भीमाशंकरला चढायच्या दोन वाटा. शिडी घाट उभा, लोखंडी शिड्यांचा. गणेश घाट लांबचा, पण दमानं चढवणारा. महाशिवरात्रीची यात्रा बहुतेक गणेश घाटानंच जाते. शहरातल्या मंडळींसाठी हा ट्रेक. मधल्या पदरवाडीला मात्र तेल-मीठ आणि दवाखाना याच वाटेच्या टोकाला.

दिवाळी उरकली की आम्ही आठ-दहा जण वनरक्षकाला विचारून वाट दुरुस्त करायला जातो. कोयत्यानं कारवी छाटणं सोपं, ते कुणीही करतं. खरं काम पाण्याचं. आमच्याबरोबर वाडीतले एक मामा असतात. ते म्हणतात, "वाट पायानं मोडत न्हाय, पान्यानं मोडती."

म्हणून चर काढायचा. वाटेवर तिरका, दरीकडे उतरता. अगदी आडवा काढला तर गाळानं बुजतो, फार तिरका काढला तर पाणी त्यालाच खणत सुटतं. खालच्या अंगाला दगड बसवायचे. लांबट दगड, लांबी डोंगराच्या पोटात, नुसतं तोंड बाहेर. मग मामा त्यावर उभे राहून टाच आपटतात. डुगडुगला की, "काढ." माझा एक दगड त्यांनी तीनदा काढायला लावला.

यात्रेकरू वळण तोडून सरळ चढतात. त्या पायवाटेत पाणी शिरतं आणि दोन-चार पावसाळ्यांत घळ पडते. आम्ही करवंदीच्या फांद्या टाकून ती बंद करतो, लोक उचकटतात. मला राग येतो. मामांना नाही. "देवाची घाई असती," म्हणतात.

एका वळणावर मात्र ते कुणाला हात लावू देत नाहीत. मामींना बाळंतपणाला याच वाटेनं डोलीतून उतरवलं होतं, भर श्रावणात. तिथं डोलीवाल्याचा पाय घसरला. मामा इतकंच सांगतात. मूल वाचलं नाही, हे मला वाडीतल्या दुसऱ्या कुणी सांगितलं.

गेल्या खेपेला मामा तिथला शेवटचा दगड बसवत होते. खालून दोन बाया आल्या, डोक्यावर तांदळाची गाठोडी. बोलणं न तोडता दगडावर पाय देऊन वर गेल्या. मामांनी वाकून दगडाखालची माती चाचपली.

"बसला," म्हणाले, आणि पहार उचलून पुढच्या चराकडे निघाले.