थॅकरे: एका आडनावाची वाटचाल

थॅकरे हे आडनाव मूळचे यॉर्कशायरमधील एका चिमुकल्या वस्तीचे. जुन्या नॉर्स भाषेतील त्याचा अर्थ छपराला घालावयाच्या गवताचा कोपरा असा आहे. तो कोपरा आता फ्यूस्टन जलाशयाच्या पाण्याखाली आहे. थॅक्रे, थॅक्रा ही त्याची भावंडे मात्र लीड्सच्या आसपास अद्याप नांदतात. कादंबरीकार थॅकरे यांचे पूर्वज जवळच्याच हॅम्प्सथ्वेटचे. आजोबा कंपनीच्या चाकरीत सिल्हेटला आले, आणि १८११ मध्ये नातू कलकत्त्यास जन्मला. त्यांच्या आडनावाचे हे विरळा स्पेलिंग पुढे केशव सीताराम ठाकरे यांनी आपल्या नावापुढे लावले, असे सांगतात. दोन्ही आडनावांत व्युत्पत्तीचे नाते तिळमात्र नाही. ग्रंथालयाच्या रोमन सूचीत ती शेजारी बसतात, आणि अमराठी अभ्यासक हमखास फसतो. देवनागरीत 'थ' आणि 'ठ' आपापल्या जागी राहतात.