पोटातला पीळ

‘सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही’ ही म्हण आपण हट्टी माणसांसाठी वापरतो. वाचकहो, असा एक हट्टी रहिवासी आपल्या जठरातही असू शकतो. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जिवाणूचे नाव. मिलिमीटरचे हजार भाग केले, तर त्यांतले जेमतेम तीन भाग एवढी त्याची लांबी; आकार मळसूत्री. पर्थचे डॉ. रॉबिन वॉरन व डॉ. बॅरी मार्शल यांनी जठरव्रणामागे तो असतो हे दाखवले, आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जठरातील आम्लात बहुतेक जिवाणू टिकत नाहीत. हा मात्र युरियापासून अमोनिया तयार करून भोवतीचे आम्ल सौम्य करतो. त्यामुळे अस्तरावरचा घट्ट श्लेष्माही त्याच्याजवळ सैल होतो आणि शेपट्यांच्या बळावर तो आत शिरतो. पेशीभित्तीच्या जाळीतील काही टाके विशिष्ट प्रथिने उसवतात, म्हणून त्याला पीळ पडतो. सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी ती प्रथिने नाहीशी केली, तेव्हा जिवाणूंचा पीळ गेला. त्यांना पोहता येत होते. परंतु उंदरांच्या जठरात त्यांचे बस्तान नीट बसले नाही.

आमच्या घरी हा पाहुणा निघाला तो सासऱ्यांच्या पोटात. अण्णांचे वय अठ्ठ्याहत्तर. पोट कधीच दुखले नव्हते. केवळ चेहरा फिकट झाला होता आणि जिना चढताना धाप लागे. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळ्या चालू होत्या. शौचाला डांबरासारखे काळे होते, असे ते एकदा सहज बोलून गेले. दुर्बिणीच्या तपासणीत व्रण दिसला आणि हा जिवाणूही सापडला.

औषधे चौदा दिवसांची होती. पाचव्या दिवशी अण्णा म्हणाले, “सूनबाई, तोंड कडू झालंय. आता बरं वाटतंय, गोळ्या पुरे.” मी त्यांना जिवाणूचा आकार कागदावर काढून दाखवला. आयुष्य लेथवर घालवलेले अण्णा क्षणभर पाहत राहिले. मग म्हणाले, “हे आटे अर्धे सोडवून भागायचं नाही.” उरलेले नऊ दिवस त्यांनी गोळी चुकवली नाही.

उपचार अर्धवट सोडल्यास उरलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात, हे घरातील ज्येष्ठांना अवश्य सांगा. उतारवयात व्रण वेदनेवाचूनही रक्तस्राव करतो. म्हणून काळे शौच, अकारण थकवा किंवा रक्तक्षय दिसताच डॉक्टरांकडे जा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, पण तो निष्कर्ष आपण घरी काढू नये. हृदयासाठीची अ‍ॅस्पिरिन परस्पर बंद करू नका. उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जिवाणू गेल्याची खात्री करून घ्या. त्याआधी आम्लशामक गोळ्या किती दिवस थांबवायच्या, ते डॉक्टरांना विचारा. हा जिवाणू असलेल्या प्रत्येकालाच आजार होतो असे नाही. तेव्हा घाबरू नका, परंतु लक्षणे अंगावरही काढू नका.