नसलेल्याची नोंद

चर्चगेटला गेट नाही. लोकलने येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडी ते रोज असतं. पण १८६०च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याची तटबंदी पाडली, तेव्हाच तेही गेलं. धोबी तलावात पाणी नाही. गोवालिया टँकवर गुरं येत नाहीत, कारण तळंच बुजवून टाकलेलं आहे. नवख्या माणसाला पत्ता सांगताना आपण त्याला बिनदिक्कत नसलेल्या वस्तूंच्या आधाराने चालवतो आणि तो बरोबर पोचतो. मग ते गेट, ते तळं आहे म्हणायचं की नाही?

प्रश्न वेडगळ वाटेल, पण तत्त्वज्ञानाची एक अख्खी शाखा अशाच प्रश्नांवर उभी आहे. १६०६ साली याकोब लोरहार्ड यांच्या ग्रंथात तिचं ऑन्टॉलॉजी हे नाव छापून आलं. आपल्याकडे तिला सत्ताशास्त्र म्हणतात. जगात काय काय आहे आणि जे आहे ते कोणत्या जातीचं आहे, एवढंच ती विचारते. थोडक्यात, ती विश्वाचं रेशनकार्ड लिहायला बसलेली असते.

आमच्या घरच्या रेशनकार्डावर एक नाव आडव्या रेघेने खोडलेलं आहे. आजी गेली तेव्हा तिचं नाव ‘कमी केलं’. त्याच सुमारास बहिणीला मुलगी झाली होती आणि तिचं नाव तिच्या सासरच्या कार्डावर अजून चढायचं होतं. दोघीही कागदावर नव्हत्या. पण एकीचं नसणं आणि दुसरीचं नसणं यांत किती अंतर होतं! एकीच्या नसण्यावर घर सुतकात बसलं होतं, दुसरीच्या नसण्यावर नावांची यादी करत होतं.

हे अंतर आपल्याकडच्या वैशेषिकांनी फार पूर्वी ओळखलं. कणादांच्या परंपरेत आधी सहा पदार्थ मानले गेले : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय. पुढे त्यांत सातवा आला, अभाव. नसणं हासुद्धा असण्याच्या यादीतला एक रकाना झाला. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त ही सात पदार्थांची मांडणी मोजक्या वाक्यांत मिळते. आठल्ये आणि बोडस यांनी सिद्ध केलेली त्याची टिपांसह आवृत्ती १८९७ साली मुंबईत निघाली. म्हणजे चर्चगेट जाऊन तीसेक वर्षं झाल्यावर, त्याच शहरात.

अभावाचे प्रकार चार. वस्तू निर्माण होण्याआधीचा तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण शेवट आहे. वस्तू नष्ट झाल्यावरचा तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. तिन्ही काळांत नसणं हा अत्यंताभाव, जसा वाऱ्याला रंग नसतो. आणि घट म्हणजे पट नव्हे, हा अन्योन्याभाव. इतक्या कोरड्या व्याख्या, पण पहिल्या दोन वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ते रेशनकार्डच येतं. भाचीचं नसणं अनादी होतं आणि एका पहाटे संपलं. आजीचं नसणं एका दुपारी सुरू झालं आणि आता ते कधीच संपायचं नाही.

प्राभाकर मीमांसकांना ही खोगीरभरती मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं, तुम्हाला दिसते ती नुसती जमीन. ‘घट नाही’ म्हणून तिथे आणखी काही पडलेलं नसतं. युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण दुपारी चार वाजता आमच्या स्वयंपाकघरातून खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज येत नाही, आणि तो न येणं सगळ्या घराला ऐकू येतं. त्या वेळी कीर्तनातला मृदंगही वाजत नसतो, पण ते कुणाच्या कानावर येत नाही. शांतता एकच, तरी तिच्यात एका आवाजाचं नसणं वेगळं उमटतं. या वादात वैशेषिकांच्या बाजूने असलेले नैयायिक म्हणतात, प्रत्येक अभावाला त्याचा प्रतियोगी असतो. नसणं नेहमी कुणाचं तरी असतं. इथे मी मुकाट्याने त्यांच्या पंगतीला बसतो.

काळोखाच्या बाबतीत मात्र माझी निष्ठा डळमळते. नैयायिकांच्या मते अंधार म्हणजे फक्त तेजाचा अभाव. भाट्ट मीमांसक म्हणतात, अंधार काळा दिसतो, हलतो, तेव्हा ते द्रव्यच आहे. वीज गेलेल्या रात्री कंदील उचलताच भिंतीवरून सावली सरकते, तेव्हा मी भाट्टांचा असतो.

हे सगळं पंडितांचं खेळणं, असं म्हणून सुटका होत नाही. आज संगणकवाल्यांनीही ऑन्टॉलॉजी हे नाव उचललं आहे. एखाद्या क्षेत्रात कोणकोणत्या गोष्टी असतात आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, याची यंत्राला कळेल अशी मांडणी ते करतात. वैद्यकीय नोंदींसाठी वापरली जाणारी स्नोमेड सीटी ही अशीच एक मांडणी. तिच्यात ‘कोणतीही ॲलर्जी माहीत नाही’ अशी स्वतंत्र नोंद आहे. कारण नुसता कोरा रकाना म्हणजे कदाचित कुणी विचारलंच नसेल, आणि त्या फरकावर एखाद्याचा जीव टांगलेला असू शकतो.

म्हणून यादी करणाऱ्याने काय आहे ते लिहावंच, पण काय कशा प्रकारे नाही तेही लिहावं. वाडीवर नळ नाही. साहेबांच्या फाइलीत हे वाक्य वाऱ्याला रंग नसल्याच्या थाटात पडून असतं. हंडा घेऊन टेकडी चढणारी बाई तेच वाक्य प्रागभाव म्हणून उच्चारते. शास्त्री मंडळी माझ्या या ढिल्या वापरावर हरकत घेतील, घेऊ देत. दोघंही नळ नाही असंच म्हणतात, पण बाईच्या ‘नाही’ला शेवट आहे, आणि तो कधी, हे साहेबांना विचारायचा तिला हक्क आहे.