हाताला दिसणारे दिवे

दिवाळीच्या सुटीत पुण्यास पाहुणे आले, की शनिवारवाडा आणि पर्वती यांच्या जोडीला बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाची फेरी ठरलेलीच असते. तख्ते आणि तलवारी पाहून कंटाळलेली मुले येथे रमतात, कारण येथला थाट घरगुती आहे. समया, लामणदिवे, दौती, अडकित्ते, टाचा घासायच्या वज्र्या, अशा वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संसार आहे. काका केळकरांनी १९२० च्या सुमारास तो जमवायला घेतला आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्याला दिले. एका लहान मुलाच्या आठवणीवर उभ्या असलेल्या या घरात कोणतेच मूल उपरे ठरू नये, असे सहजच मनात येते.

लहान मूल संग्रहालय कसे पाहते? काचेला नाक लावते आणि विचारते, “हे कशाला?” मग आजी सांगते, “ही वज्री बरं का. अभ्यंगस्नानाच्या दिवशी आम्ही हिनेच टाचा घासायचो.” त्या क्षणी कपाटातली निर्जीव वस्तू जिवंत होते. मुलाच्या दृष्टीने संग्रहालय म्हणजे निम्म्या वस्तू आणि निम्मी घरच्या माणसांची उत्तरे!

आता अशी कल्पना करा, की प्रश्न विचारणाऱ्या मुलाची आई दृष्टिहीन आहे. तिने माहेरी अडकित्ता शंभरदा हाताळला असेल. पण मधे काच आहे, आणि मुलाचे बोट कशाकडे आहे ते तिला कळत नाही. किंवा वडील चाकांच्या खुर्चीत आहेत, आणि मुलांचा खेळ जिन्यावरच्या दालनात मांडला आहे. मूल परक्यांबरोबर वर जाते आणि वडील खाली चपलांची राखण करीत बसतात. अपंग म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे एकटे माणूस येते. त्यालाही बायकापोरे असतात, आणि सुटीच्या दिवशी त्यांना कोठेतरी घेऊन जायचे असते, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

हा विचार काही आजचा नाही. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील संडरलंड गावच्या संग्रहालयात १९१३ साली चार्लटन डीस या गृहस्थांनी अंधशाळेतील मुलांना बोलावले आणि वस्तू त्यांच्या हाती दिल्या. पुढे प्रौढांनाही आमंत्रणे गेली. ‘हात लावू नये’ ही पाटी खाली उतरवण्याचे धाडस शंभर वर्षांपूर्वी एका गावाने केले होते. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ साली ‘अनुभव’ नावाचे दालन सुरू झाले. निवडक वस्तूंच्या हुबेहूब प्रतिकृती, ब्रेल लिपीतल्या पाट्या आणि कानाने ऐकायची माहिती, अशी तेथली योजना. २०१६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने तर सांस्कृतिक जीवन आणि करमणूक यांतही अपंगांचा बरोबरीचा हक्क मानला आहे.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ साली खास मुलांचे संग्रहालय उघडले. त्या वास्तूची पूर्वकथा येथे सांगण्याजोगी आहे. १९२२ साली ती संग्रहालय म्हणून लोकांना खुली झाली; पण त्याआधी, पहिल्या महायुद्धाच्या काळात, तिचा उपयोग लष्करी रुग्णालय आणि बालकल्याण केंद्र म्हणून होत होता. म्हणजे मूर्तींआधी या वास्तूने जायबंदी शिपाई आणि मुलेच पाहिली!

आता खर्चाचा प्रश्न. अस्सल वस्तू रोज हाताळली, तर घामाने धातू खराब होतो, हे खरेच. म्हणून हाताळण्यासाठी प्रतिकृती ठेवावी. वज्री, समई, धार बोथट केलेला अडकित्ता या काही दुर्मिळ चिजा नव्हेत. पुण्याच्या जुन्या बाजारातही त्या हाती लागतात. मुलांसाठी पणत्या घडवण्याचा वर्ग ठेवला, तर तो तळमजल्यावर ठेवावा. मेजाखाली चाकांची खुर्ची शिरेल इतकी मोकळी जागा असावी. दाराशी रॅम्प असेल, तर बारा फुटांना एक फूट, याहून अधिक चढ नसावा. आई किंवा वडील कर्णबधिर असतील, तर खुणांच्या भाषेतला दुभाषा उजेडात उभा राहावा, आणि आधी सांगून मगच माती हाती द्यावी. कारण एकाच वेळी दुभाष्याकडे आणि मुलाच्या हाताकडे पाहता येत नाही. गोंगाटाने बावरणाऱ्या स्वमग्न मुलांसाठी आठवड्यातून एखादी सकाळ शांत राखावी, आणि आत काय काय दिसेल त्याची चित्रे घरी आधीच पोचवावीत.

या सोयी केल्या, तर गुडघे दुखणारी आजी आणि बाबागाडी ढकलणारी तरुण आई, दोघीही दुवा देतील. एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. अपंगांसाठी मागचे वेगळे दार आणि वेगळा दिवस, एवढ्यावर समाधान मानू नये. सगळ्यांनी एकाच दाराने आत जावे आणि एकाच मेजाभोवती बसावे.

एरवी घराबाहेर पडले, की दृष्टिहीन आईला रस्ता दाखवण्याचे काम पुष्कळदा तिच्या चिमुकल्याकडे येते. समईच्या दांड्यावरून हात फिरवीत तीच जेव्हा सांगू लागेल, “हे बघ, इथे वात ठेवायची, आणि तेल इथून घालायचे,” तेव्हा वाट दाखवणारी ती असेल. हा मान तिला देणे कोणत्याही संग्रहालयास अवघड नाही.