पडद्यामागील दिव्याची चौकशी

महसूल खात्यातून निवृत्त झाल्यावर जुन्या कागदपत्रांच्या नकला करणे, स्नेह्यांच्या ग्रंथांची मुद्रिते तपासणे आणि क्वचित एखादा लेख लिहिणे, एवढ्याच माफक उद्योगासाठी जो लॅपटॉप मी वापरतो, तो 2011 सालचा आहे. आणि मूळच्या कार्यप्रणालीचा भार त्याला सोसवेनासा झाला, तेव्हा पुण्यास राहणाऱ्या माझ्या भाच्याने त्यावर लिनक्सच्या कुळातील डेबियन ही प्रणाली, तिची 2021 साली निघालेली अकरावी आवृत्ती, बसवून दिली. पडद्यावरील खिडक्यांची मांडणी पाहण्यासाठी त्याने ‘आयथ्री’ नावाचा एक अत्यंत मितभाषी व्यवस्थापक नेमला, जो सांगितल्यावाचून काहीही करीत नाही. यंत्र पुन्हा तरतरीत झाले. उणीव एकच राहिली. कळफलकाच्या वरच्या ओळीत सूर्याचे लहान व मोठे चित्र धारण करणाऱ्या ज्या दोन कळा पडद्याचा उजेड कमीजास्त करण्यासाठी असतात, त्या कितीही दाबल्या तरी उजेडात रतिमात्र फरक पडेना.

दिवसा या उणिवेची जाणीवही झाली नसती. परंतु वाईस आषाढातल्या रात्री, घरातली माणसे निजल्यावर, खोलीतला दिवा मालवून आणि वाऱ्यासाठी खिडकी उघडी ठेवून मुद्रिते तपासायला बसावे, तो पूर्ण तेजाने तळपणाऱ्या त्या पडद्यावर पावसाळी पाखरांचा असा काही मेळा भरे, की अनुस्वार कोणता आणि चिलट कोणते हे ठरवताना डोळ्यांना पाणी येई, आणि पलीकडच्या खाटेवरून, “अहो, तो सूर्य आज मावळायचा आहे की नाही?” अशी पृच्छा होई.

भाच्याला फोन केला. “मामा, हे नेहमीचंच आहे,” तो म्हणाला. “मशीन सुरू होताना कर्नेलला एक ओळ दिली जाते, तीत ‘एसीपीआय ओएसआय लिनक्स’ एवढं घाला. पुष्कळांचं त्यानं भागतं.”

“पण त्यानं होतं काय?”

“ते नाही बुवा मला सांगता यायचं. चालतं एवढं खरं.”

त्याचा हेतू निर्मळ होता आणि सल्लाही अगदीच निराधार नव्हता. तथापि सारी हयात तहसील कचेरीत घालवलेल्या माणसाला, अर्जाचा निकाल लागत नाही म्हणून तोच अर्ज आणखी चार ठिकाणी धाडावा, ही रीत पटणे कठीण. अर्ज अडला असेल तर तो कोणत्या टेबलापर्यंत पोहोचला आणि पुढे का सरकला नाही, हे आवकजावकच्या नोंदींवरून आधी पाहायचे असते. आणि कळ दाबल्यापासून दिवा मंद होईपर्यंतचा प्रवास हा असाच टेबलाटेबलावरून होत असला पाहिजे, असा माझा कयास होता. चौकशी दोन्ही टोकांकडून करण्याचे मी ठरवले.

अशा चौकशीला युनिक्सची परंपरा विलक्षण अनुकूल आहे. केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जी प्रणाली घडवली, तिने उपकरणांनाही फाइलीचेच रूप दिले, जेणेकरून कागद वाचावा तसे उपकरण वाचता यावे आणि कागदावर लिहावे तसे उपकरणाला फर्मावता यावे. लिनक्सने हा वारसा पुढे चालवला, आणि 2003 च्या अखेरीस निघालेल्या त्याच्या 2.6 या कर्नेलबरोबर, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याबरोबर, ‘सिस’ या नावाची एक निर्देशिकाच यंत्राच्या अंतरंगासाठी खुली झाली. तिच्यात ‘क्लास’ आणि त्यात ‘बॅकलाइट’ अशा क्रमाने उतरले, की पडद्यामागच्या दिव्याचे दप्तर हाती लागते.

माझ्या यंत्रावर त्या जागी एकाऐवजी दोन दप्तरे निघाली. एकाचे नाव ‘एसीपीआय व्हिडिओ’, दुसऱ्याचे ‘इंटेल बॅकलाइट’. दोहोंतही ‘ब्राइटनेस’ या फाइलीत चालू आकडा आणि ‘मॅक्स ब्राइटनेस’ या फाइलीत कमाल आकडा नोंदलेला. पहिल्याची कमाल 15, दुसऱ्याची 937. शिवाय ‘टाइप’ नावाच्या तिसऱ्या फाइलीत त्या त्या दप्तराचा हुद्दा लिहिलेला असतो. पहिल्याचा होता ‘फर्मवेअर’, म्हणजे निर्मात्याने यंत्रातच लिहून ठेवलेल्या आज्ञावलीमार्फत बोलणारा, दुसऱ्याचा ‘रॉ’, म्हणजे थेट ग्राफिक्स चिपच्या रजिस्टरांशी बोलणारा. कर्नेलच्या नियमावलीचा दंडक असा, की दोन्ही हजर असतील तर बाकीच्या आज्ञावल्यांनी फर्मवेअरला अग्रमान द्यावा.

मी अग्रमानाच्या क्रमानेच गेलो. मुखत्यार वापरकर्त्याचे, म्हणजे ‘रूट’चे, अधिकार घेऊन पहिल्या दप्तरात 3 हा आकडा लिहिला. आकडा निमूटपणे स्वीकारला गेला, वाचून पाहिला तर 3 हाच दिसला, कोठेही तक्रार उमटली नाही. आणि पडदा पूर्वीइतकाच प्रखर राहिला. मग दुसऱ्या दप्तरात 300 लिहिले, आणि एंटर दाबताक्षणी खोलीतला उजेड निवून आला. दिवा निर्दोष होता, त्याला हुकूम कळतही होता. एलईडी दिव्याची तेजस्विता अशा पडद्यांत बहुधा विजेचा दाब घटवून कमी करीत नाहीत. डोळ्याला कळणार नाही इतक्या वेगाने त्याची उघडझाप चालू ठेवून उघड्या काळाचे प्रमाण बदलतात, आणि 937 हा आकडा त्या एका आवर्तनाचे भाग मोजत होता. म्हणूनच येथे शून्य लिहिण्याच्या मोहात कोणी पडू नये. काही यंत्रांवर त्याचा अर्थ अत्यंत मंद असा नसून काळाकुट्ट असा होतो.

आता दुसरे टोक, म्हणजे कळ. यासाठी ‘इव्हटेस्ट’ नावाची एक छोटी आज्ञावली आहे. ती यंत्रातील सर्व आदानसाधनांची यादी देते आणि आपण निवडू त्या साधनाकडून येणारी प्रत्येक वर्दी ओळीओळीने पडद्यावर उतरवते. स्वाभाविकपणे मी प्रथम कळफलक निवडला. इतर अक्षरे दाबली की ओळी उमटत; सूर्याच्या कळा दाबल्या की शांतता. येथेच ‘कळा बिघडल्या’ असा शेरा मारून प्रकरण बंद करता आले असते. परंतु यादी पुन्हा वाचताना ‘व्हिडिओ बस’ असे एक नाव दिसले, त्याच्याकडे कान लावला, आणि कळ दाबताच वर्दी आली: उजेड कमी, संकेतांक 224, दाबल्याची खूण 1, सोडल्याची 0. दुसऱ्या कळीचा संकेतांक 225. कित्येक लॅपटॉपांत या कळांची वर्दी कळफलकाच्या वाटेने येतच नाही. ती फर्मवेअरच्या वाटेने, चित्रव्यवस्थेच्या नावाने रुजू होते.

म्हणजे कळ बोलत होती आणि दिवा ऐकत होता. दोष मधल्या कारभारात होता. तो कोठे, हे पाहण्यासाठी मी एक साधी युक्ती केली. पहिल्या दप्तराचा आकडा पुन्हा 15 करून तो दर सेकंदास वाचला जाईल अशी आज्ञा देऊन ठेवली आणि कळ दाबू लागलो. 15 चे 14 झाले, 14 चे 13, 13 चे 12. दिवा तसाच. सारा उलगडा तेथे झाला. हुकूम मिळत होता, कर्नेल स्वतः तो तत्परतेने बजावत होता, बजावल्याची नोंदही बिनचूक होत होती. फक्त ज्या दप्तरात ती होत होती, त्याचा दिव्याशी काडीमात्र संबंध उरला नव्हता. कागदोपत्री अंमलबजावणी म्हणजे काय, हे ज्याने सरकारी नोकरीत पाहिले आहे, त्याला हे दृश्य नवे नाही.

एसीपीआय हा 1996 च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून प्रसिद्ध केलेला एक करारनामा आहे, ज्यान्वये यंत्राच्या निर्मात्याने वीज, उष्णता, झोप, जागृती इत्यादी बाबींची कार्यपद्धती फर्मवेअरमध्ये लिहून ठेवायची आणि कार्यप्रणालीने ती केवळ पुकारायची. उजेडाच्या पायऱ्यांची यादी देणे, पायरी बदलणे आणि चालू पायरी सांगणे, यांसाठीही त्यात स्वतंत्र पद्धती आहेत. माझ्या यंत्राच्या निर्मात्याने त्या लिहिल्या होत्या, पण लिनक्सने पुकारल्यावर पायरी बदलण्याचे वचन पाळले जात नव्हते. भाच्याने सुचवलेल्या ओळीचा अर्थही आता उमगला. फर्मवेअर कार्यप्रणालीला विचारते, की तू अमुक आहेस काय. आणि बहुतेक यंत्रांची पारख विंडोजवरच झालेली असल्याने लिनक्स विंडोजच्या नावांना होकार आणि स्वतःच्या नावाला नकार देत असतो. ती ओळ घातली की तो स्वतःचे नावही कबूल करतो, आणि मग फर्मवेअर एखादी वेगळी वाट धरील तर धरील. ती उजेडापुरतीच असेल याची मात्र हमी नाही. दोष एका दप्तरात सापडला असता साऱ्या फर्मवेअरला वेगळे उत्तर देण्याचे प्रयोजन मला दिसेना.

यावर नेमका इलाज वेगळा आहे. कर्नेलला दिल्या जाणाऱ्या ओळीत ‘एसीपीआय बॅकलाइट नेटिव्ह’ हा पर्याय घातला, की निकामी दप्तर उघडलेच जात नाही. हा पर्याय मी आधी केवळ एका वेळेपुरता तपासला: ग्रब या आरंभकाच्या यादीवर ‘ई’ दाबून ती ओळ तात्पुरती बदलता येते, आणि काही विपरीत घडल्यास यंत्र पुन्हा सुरू केले की बदल आपोआप रद्द होतो. समाधान झाल्यावर तो ग्रबच्या कायम फाइलीत लिहिला आणि ‘अपडेट ग्रब’ ही आज्ञा देऊन रुजू केला. पहिले दप्तर नाहीसे झाले, कळांची वर्दी मात्र ‘व्हिडिओ बस’वरून पूर्ववत येत राहिली.

आता ती वर्दी ऐकून काम करणारा कोणीतरी नेमायला हवा होता. नोम किंवा केडीई यांसारखे भरगच्च मांडणीचे पडदे ही नेमणूक स्वतःच करतात. आयथ्री करीत नाही. त्याच्या मांडणीच्या फाइलीत दोन ओळी घालून मी त्या दोन कळा एका छोट्या शेल-लिपीला जोडून दिल्या. ती चालू आकडा वाचते, नवा काढते आणि लिहिते. परंतु लिहिण्याचा अधिकार केवळ रूटला. सबब ‘युडेव्ह’ या उपकरण-व्यवस्थापकाच्या नियमांत असे नमूद केले, की हे दप्तर उघडताच त्यातील ‘ब्राइटनेस’ची फाइल ‘व्हिडिओ’ या गटाकडे वर्ग करावी आणि गटाला लेखनाची मुभा द्यावी. माझे नाव त्या गटात दाखल केले. अशी दाखलनोंद पुढील प्रवेशापासून अमलात येते, म्हणून एकदा बाहेर पडून पुन्हा आत यावे लागले.

लिपीत दर दाबाला ठरावीक आकडा वजा करावा, ही पहिली कल्पना डोळ्याने नामंजूर केली. 900 वरून 850 वर येण्याने काही कळत नाही. 100 वरून 50 वर येताच अंधारून येते. मनुष्याची संवेदना उद्दीपनाच्या वजाबाकीने नव्हे, तर प्रमाणाने बदलते, हे गुस्टाव्ह फेखनर याने 1860 साली प्रसिद्ध केलेल्या मानसभौतिकीवरील ग्रंथात मांडले आहे. तेव्हा दर दाबाला चालू आकड्याचे चार-पंचमांश घ्यावेत असे केले: 937, 749, 599, 479, 383, अशा उतरणीने उजेड एकसारख्या पावलांनी निवत जातो. वर चढताना पाच-चतुर्थांश. शेल अपूर्णांक टाकून देते, त्यामुळे आकडा 3 वर आला तर 3 चे पुन्हा 3 च होऊन उजेड कायमचा तळाशी अडकेल. ते टाळण्यासाठी आणि शून्याचा धोकाही टळावा म्हणून 20 च्या खाली उतरू नये अशी मर्यादा घातली. यंत्र बंद करताना शेवटचा आकडा जपून ठेवणे आणि पुन्हा सुरू होताना तो परत घालणे हे काम ‘सिस्टिमडी’ची एक सेवा मुळातच करते, आणि त्या वेळी कमालीच्या पाच टक्क्यांखाली उतरत नाही. त्यामुळे सकाळी यंत्र उघडावे तो काळोख, असा प्रसंग येत नाही.

या साऱ्याला लागलेले भांडवल म्हणजे काही ओळी आणि थोडी सबुरी. ज्यांच्या लॅपटॉपवर ही व्याधी असेल त्यांना माझे सांगणे इतकेच, की इतरांना लागू पडलेली ओळ आपल्या यंत्रात घालण्यापूर्वी दिव्याला स्वतः एकदा हुकूम देऊन पाहावा, कळीची वर्दी सर्व साधनांवर ऐकून घ्यावी, आणि मगच मधल्या टेबलांकडे वळावे. आकडा बदलला म्हणजे काम झाले असे मानू नये, पडद्याकडे पाहावे. अशा क्रमाने गेल्यास उपाय कोणता करायचा हे तर समजतेच, पण कोणता करू नये हेही समजते.