पनवेल–सीएसएमटी, मार्गे कीटन

पनवेलकराला मुंबईकडे जाताना एक सुख हमखास मिळतं. गाडी इथूनच सुटते. त्यामुळे खिडकी मिळते. पुढे खारघर-बेलापूरला चढणाऱ्यांच्या नजरेत त्या खिडकीबद्दल काय असतं ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय, पण त्याला इलाज नाही. घर स्वस्त मिळालं म्हणून लांब आलो, त्यावरचं हे व्याज.

तर अशा खिडकीत बसून मी बस्टर कीटन पाहिला. थिएटरात नाही, फिल्म सोसायटीत नाही. हार्बर लाइनच्या सेकंड क्लासच्या डब्यात, मोबाइलवर. पनवेल ते सीएसएमटी साधारण एक तास वीस मिनिटं लागतात, आणि त्याचा ‘द जनरल’ चालतो जेमतेम सव्वा तास. मूकपटाचा मोठा फायदा म्हणजे कानात काही घालावं लागत नाही. डब्यात एका टोकाला भजन चालू असतं, दुसऱ्या टोकाला पत्ते, मधे कुणीतरी फोनवर मोठ्याने गावच्या जमिनीचा व्यवहार मिटवत असतो. यातल्या कशानेही कीटनचं काही बिघडत नाही. तो आपला गप्प राहून कामाला लागलेला असतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या शेजारच्या चौथ्या सीटवर, म्हणजे अर्ध्या पार्श्वभागावर बसलेला माणूस म्हणाला, “काका, मोबाइल जरा तिरका धरा ना. दिसत नाही.” तोवर मला वाटत होतं की मी एकटाच पाहतोय.

‘जनरल’ हे इंजिनाचं नाव. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा काळ. एप्रिल १८६२मध्ये उत्तरेच्या हेरांनी दक्षिणेच्या हद्दीत शिरून एक गाडी पळवली, ही खरी घडलेली गोष्ट. कीटनने तीच घेतली. इंजिन ड्रायव्हर जॉनी ग्रे आपलं चोरीला गेलेलं इंजिन परत आणायला निघतो. पायी, मग हातगाडीवर, मग सायकलवर, मग दुसऱ्या इंजिनावर. एवढीच कथा. चित्रपटाचा पहिला भाग म्हणजे जाणं, दुसरा भाग म्हणजे येणं. जाताना तो पाठलाग करतो, येताना त्याचा पाठलाग होतो. जाताना रुळावर जे अडथळे त्याच्यासाठी टाकले गेले, तसलेच येताना तो इतरांसाठी टाकतो. अप आणि डाउन. ज्याने वर्षानुवर्षं अप-डाउन केलंय त्याला या रचनेचं कौतुक कुणी समजावून सांगावं लागत नाही. सकाळी दिसलेलंच स्टेशन संध्याकाळी उलट्या बाजूने येतं आणि निराळंच दिसतं, हे त्याला पाठ असतं.

एक जागा मी पुन्हा पुन्हा पाहिली. प्रेयसीने झिडकारलेला जॉनी इंजिनाच्या चाकांना जोडणाऱ्या लांब दांड्यावर खिन्न होऊन बसलाय. इंजिन सुटतं. दांडा वर जातो, खाली येतो, त्याच्याबरोबर जॉनीही वर जातो, खाली येतो. त्याच्या लक्षातच येत नाही. लक्षात येतं तेव्हा इंजिन शेडच्या अंधारात शिरत असतं. दहा-पंधरा सेकंदांचा मामला. इंजिन चालवणाऱ्याचा हात जरा जड पडला असता आणि चाकं जागच्या जागी गरगरली असती, तर दांड्यावरचा माणूस उरला नसता. पण पडद्यावर धोका दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की दुःखात बुडालेल्या माणसाला जगाची हालचाल जाणवत नाही आणि जग त्याला तसंच उचलून घेऊन जातं. हे सांगायला दुसऱ्या कुणी एक गाणं घातलं असतं.

कीटनचा जन्म ४ ऑक्टोबर १८९५चा, कॅन्सस राज्यातला. आईबाप फिरत्या रंगमंचावरचे कलाकार. हा चालायला लागला तसा त्यांच्या खेळात आला. बाप त्याला रंगमंचावर इकडून तिकडे फेकायचा. उचलायला सोपं जावं म्हणून पोराच्या अंगरख्याला पाठीमागे सूटकेसची मूठ शिवलेली होती. आपल्याकडच्या डोंबाऱ्याच्या पोरासारखंच ते बालपण. त्या पोराच्या लवकरच लक्षात आलं, की पडल्यावर आपण हसलो तर लोक हसत नाहीत, आपण गंभीर राहिलो तर गडगडाट होतो. पुढे जगभर गाजलेला तो दगडी चेहरा असा पोटासाठी घडला. १९१७मध्ये तो सिनेमात आला आणि आल्याआल्या त्याने कॅमेरा आतून कसा चालतो ते समजून घेतलं, असं सांगतात. मला ही गोष्ट खरी वाटते, कारण त्याचे चित्रपट पाहताना सारखं वाटतं की हा मूळचा फिटर आहे, नट नंतर झालाय.

इथे मला आपले दादासाहेब फाळके आठवतात. सिनेमात पडायच्या आधी ते जादूचे प्रयोग करायचे, आणि आडनाव उलटं करून स्वतःला ‘प्रोफेसर केल्फा’ म्हणवून घ्यायचे. ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा पोस्टरपासून रसायनांपर्यंत सगळं त्यांनी हाताने केलं होतं. बायका काम करायला तयार नाहीत म्हणून साळुंके नावाच्या पुरुषाला तारामती केलं, आणि ‘लंकादहन’मध्ये तर याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. कीटनला ही गोष्ट सांगितली असती तर त्याने त्यावर दोन रिळं काढली असती. हे दोघे एकाच जातीचे, यंत्राशी खेळणारे. पण फाळक्यांनी यंत्र देवांच्या कामाला लावलं, आणि कीटनने पडणाऱ्या माणसाच्या.

आपल्याकडे विनोद म्हटलं की तो तोंडाचा. कोटी, शब्दांची फिरवाफिरव, हजरजबाबीपणा. मराठी माणूस विनोद ऐकतो. सोंगाड्याच्या अंगविक्षेपांना आपण हसतो खरं, पण घरी येऊन सांगताना त्याचं वाक्यच सांगतो. मूकपटातल्यांपैकी चॅप्लिन आपल्याला चटकन कळला, कारण तो न बोलताही बोलतो. डोळ्यांनी विनवतो. लॉरेल-हार्डीला तर आपण जाड्या-रड्या म्हणून बारसं करून घरातच घेतलं. कीटनला मराठीत टोपणनाव नाही. तो आपल्याकडे बघतच नाही, तर आपण त्याला हाक कशी मारणार? चॅप्लिनचा भटक्या उपाशी असला की आपल्याला वाईट वाटावं अशी त्याची इच्छा असते. कीटन उपाशी असला तर अन्न मिळवायचं यंत्र बनवायला घेतो. मला तरुणपणी चॅप्लिन मोठा वाटायचा. आता साठीनंतर, खरं सांगायचं तर, चॅप्लिनच्या काही जागी मी घड्याळाकडे पाहतो. कीटनच्या बाबतीत अजून तसं झालेलं नाही.

१९२३ ते १९२९ या सात वर्षांत त्याने बारा मोठे मूकपट केले. त्याआधी दोन-दोन रिळांच्या छोट्या फिल्मांत तो वाटेल ती अशक्य गंमत करायचा. मोठ्या चित्रपटांकडे वळल्यावर त्याने ते बंद केलं. गोष्ट तासभर चालवायची तर लोकांचा तिच्यावर विश्वास बसला पाहिजे, हा त्याचा हिशेब. ‘अवर हॉस्पिटॅलिटी’त १८३०च्या सुमारासची बाळबोध आगगाडी आहे. ती इतकी सावकाश चालते की कुत्रा तिच्याबरोबर रमतगमत येतो. ‘द नॅव्हिगेटर’मध्ये कधी चहासुद्धा न केलेली दोन श्रीमंत पोरं एका रिकाम्या प्रचंड जहाजावर अडकतात आणि शेकडो माणसांच्या पातेल्यात अंडी उकडतात. ‘सेव्हन चान्सेस’मध्ये चाचणी खेळाला लोक एका फुटकळ जागी हसले. पळताना त्याच्या पायाने सुटलेले दोन-तीन दगड त्याच्या मागे घरंगळत आले होते. कीटन परत गेला, कागदाच्या लगद्याचे लहानमोठे पुष्कळ धोंडे करवून घेतले आणि अख्खी दरड स्वतःच्या मागे लावली. त्याच चित्रपटात काळ्या लोकांवरचे विनोद आहेत, ते आज पाहवत नाहीत. ‘जनरल’मध्येही नायक गुलामगिरी राखायला लढणाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि चित्रपटात गुलाम जवळपास दिसतच नाहीत. हे डोळ्याआड करून पाहू नये.

आता पुलाची गोष्ट. तो दिवस मी विसरणार नाही. आदल्या दिवशी ‘जनरल’ अर्धा पाहून ठेवला होता, त्या दिवशी पनवेलला उरलेला सुरू केला. वाशी गेलं. गाडी खाडीच्या पुलावर आली तशी दारातल्या एकाने निर्माल्याची पिशवी भिरकावली, दुसऱ्याने हात जोडले. माझ्या हातात तेव्हा दुसराच पूल पेटलेला होता. शत्रूचा सेनाधिकारी घोड्यावरून हुकूम देतो, की पूल अडण्याइतका जळलेला नाही, चला पुढे. इंजिन पुलावर येतं. मधोमध आल्यावर लाकडं मोडतात आणि अख्खं इंजिन डब्यांसकट नदीत कोसळतं, वाफ उसळते. पुढच्या दृश्यात त्या अधिकाऱ्याचा चेहरा. तो काही बोलत नाही.

“हे खरं इंजिन आहे?” चौथ्या सीटने विचारलं.

“खरं. जुलै १९२६मध्ये ओरेगॉन राज्यात पाडलंय. एकदाच. दुसरी संधी नव्हती.”

“मग काढलं नाही बाहेर?”

“पुष्कळ वर्षं तिथेच पडून होतं. दुसऱ्या महायुद्धात भंगारात गेलं.”

त्याने मान हलवली. “फुकट घालवलं हो.” मग चेंबूरपर्यंत तो गप्प होता. उतरताना म्हणाला, “पण पाडलं मस्त.”

त्याचं पहिलं मत त्या काळच्या धंदेवाल्यांचंही होतं. ‘जनरल’ आपटला. मूकपटांच्या काळातलं सगळ्यात महागडं एकच दृश्य म्हणून त्या पुलाचं नाव घेतात, आणि समीक्षकांना चित्रपट लांबलेला वाटला. पुढे ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) आला. त्यात वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर पडते आणि तो माडीच्या उघड्या खिडकीतून बरोबर निसटतो. भिंत खरीच वजनदार होती, कीटनच्या अंगापासून खिडकीची चौकट काही इंचांवरून गेली. तो मान खाजवत उभा आहे. त्याच वर्षी त्याने स्वतःचा स्टुडिओ सोडून एमजीएमशी करार केला. आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक, असं तो पुढे म्हणत असे. भिंतीखाली उभा राहायला न घाबरलेला माणूस कागदावरच्या सहीने चिरडला. दारू, घटस्फोट, पडेल ती कामं. त्याचा जुना बंगला पुढे जेम्स मेसन या नटाने विकत घेतला, तेव्हा त्या घरात कीटनच्याच चित्रपटांची रिळं पडलेली सापडली. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची पुरती प्रत आज उरलेली नाही. आपल्या बंगल्यांत कुणाला काही सापडलं नाही.

मोबाइलवर पाहण्यात एक तोटा आहे, तो कबूल करतो. कीटन कॅमेरा लांब ठेवतो. माणूस डोक्यापासून पायापर्यंत आणि भोवतीचं सगळं एकाच चौकटीत दिसलं पाहिजे, म्हणजे काही लबाडी नाही हे कळतं. पण मग पाच इंचांच्या काचेवर तो मुंगीएवढा होतो. एका दृश्यात जॉनी इंजिनासाठी लाकडं फोडत असतो आणि त्याच्या पाठीमागे अख्खं सैन्य माघार घेत जातं, मग शत्रूचं सैन्य येतं, तरी हा आपला खाली मान घालून कुऱ्हाड चालवतोय. गाडीत मला नुसती कुऱ्हाड दिसली होती. सैन्य दिसलं ते घरी टीव्हीवर लावल्यावर.

घरी सौभाग्यवती भाजी निवडत पाहत होत्या. आमचं घर जुन्या पनवेलात, स्टेशनापासून फार लांब नाही. रात्री यार्डातल्या मालगाड्यांची धडधड आणि कोकणात जाणाऱ्या गाड्यांच्या शिट्ट्या खिडकीतून येतात. पडद्यावर आवाज नव्हता, तो या गाड्यांनी पुरवला. कुठलंही पार्श्वसंगीत याहून बरं बसलं नसतं. तसंही जुन्या काळात पनवेल ओळखलं जायचं ते बैलगाड्यांची चाकं बनवणारं गाव म्हणून. चाकांचं आणि आमचं जुनं आहे.

चित्रपटात एका जागी इंजिन पळतंय, शत्रू मागे लागलाय, आणि जॉनीची प्रेयसी भट्टीत घालायला एक काडी उचलून आणते. तो रागाने तिला आणखी बारीक काडी देतो. ती तीही मनापासून भट्टीत टाकते. तो तिचा गळा धरतो, क्षणभर हलवतो, आणि लगेच तिचा मुका घेऊन पुन्हा कामाला लागतो. भाजी निवडणं थांबलं. “हे बरीक खरंय,” ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “अहो, हा घरी पण असाच असेल का? कधीच न हसणारा?”

मी म्हटलं, कसं सांगणार.

“तुम्ही पण ऑफिसमधनं यायचात तेव्हा असंच तोंड असायचं.”

मी आता निवृत्त आहे. पेन्शनच्या कामाला, कधी डॉक्टरकडे, महिन्यातून दोन-तीनदा मुंबईला जाणं होतं. या चित्रपटांच्या प्रताधिकाराची मुदत आपल्याकडे केव्हाच संपली आहे, सगळे इंटरनेटवर फुकट पडलेत. कुणी विचारलंच तर सांगतो, ‘शेरलॉक ज्युनियर’पासून सुरुवात करा. त्यात सिनेमागृहातला ऑपरेटर झोपेत उठून समोरच्या पडद्यात शिरतो, आणि आत गेल्यावर पायाखालची जागाच सारखी बदलत राहते. बाग, रस्ता, डोंगर, सिंह, समुद्र. पंचेचाळीस मिनिटांचा आहे. पनवेलला लावलात तर चेंबूरपर्यंत होतो. मोबाइल मात्र जरा तिरका धरा.