अवघड वाट कोणती?

राजगड-तोरणा-रायगड अवघड की एव्हरेस्टचा पायथा, असा प्रश्न कॉलेजातली मुले मला हटकून विचारतात. पूर्वी मी बेधडक सह्याद्रीची बाजू घेत असे.

तोरणा उंचीने जेमतेम १४०३ मीटर. पण बुधला माचीवरून मोहरीकडे जाताना वाट कारवीत हरवते, मार्चातल्या उन्हात पाणी संपते, आणि बोराट्याच्या नाळेत पायाखालचा धोंडाही आपला राहत नाही. तिथे एकच मंत्र: दम धरा आणि चालत राहा. संध्याकाळी रायगड समोर दिसला की सारे विसरते.

याच मंत्राच्या भरवशावर मी लुक्ल्याहून निघालो. वाट ठसठशीत, मुक्कामाला गरम डाळभात. मनात म्हटले, ही तर फिरायला जाण्याची वाट! दिंगबोचेला, ४४०० मीटरांवर, डोके ठणकू लागले. मी कोणाला बोललो नाही. लोबुचेला, ४९०० मीटरांवर, बुटाची नाडी बांधून उठताना झोक गेला. वाटाड्याने पाहिले मात्र, "सर, आता खाली उतरायचे," म्हणाला.

पायथा एका दिवसावर होता. मी भांडलो. पण त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा; तिथे हट्टाने फक्त जीव जातो. वळलो. फेरिचेला पोचेपर्यंत डोके हलके झाले, मन मात्र जड.

सह्याद्रीने मला चालत राहायला शिकवले होते. मागे फिरायला हिमालयाने शिकवले. दुसरा धडा मला अधिक अवघड गेला, एवढेच मी आता मुलांना सांगतो.